टेपर बोअर डेटम धरला की सीएमएमवर उंची फिरतेय, सल्ला हवा

शिरोली_क्यूसी:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे, सीएमएमवर (प्रोबनं पॉइंट घेऊन मोजायचं मशीन) जॉब मोजतो. जॉब एस.जी. आयर्नचा (एक प्रकारचं ओतीव लोखंड) स्टिअरिंग नकल, म्हणजे गाडीचं चाक वळवणारा भाग. बॉल जॉइंटचा टेपर बोअर (निमुळतं भोक) १:१०, म्हणजे १० मिमी लांबीला डायमीटर १ मिमीनं कमी, मोठ्या तोंडाला गेज डायमीटर २०, लांबी १८ मिमी. ड्रॉइंगवर डेटम ए (मोजमापाचा आधार) म्हणजे हाच टेपर, आणि त्याच्यापासून १४० मिमी लांब असलेल्या आर्मच्या फेसची उंची ±०.१ मध्ये पाहिजे.

टेपरमध्ये १४ मिमी अंतरावरच्या दोन उंचींवर चार-चार पॉइंट घेतो, त्याच्या अक्षावर लेव्हल करतो आणि ओरिजिन (शून्य) अ‍ॅपेक्सला, म्हणजे टेपर वाढवला तर जिथं टोक येईल तिथं, देतो. (सॉफ्टवेअर टेपरला 'कोन' म्हणतं, इंग्रजीतला cone, मी टेपरच लिहितो, नाहीतर अँगलशी घोळ होतो.) काल एकच जॉब तीनदा चढवला-उतरवला, तर उंची ०.९ मिमीनं फिरली. प्रोब कॅलिब्रेट केलाय, रिंग गेज बरोबर दाखवतोय. पार्टीकडून एक लॉट परत आलाय, पोरं दोन दिवस सॉर्टिंगला बसल्यात. कुठनं सुरुवात करू?

उद्यमनगरी:
सगळ्यात आधी ओरिजिन अ‍ॅपेक्सवरून काढा. तुमचा अ‍ॅपेक्स जॉबवर नाहीच, गेज डायमीटरपासून २०० मिमी लांब हवेत आहे. मोजताय १४ मिमीच्या पट्ट्यात आणि तिथनं रेषा २०० मिमी ताणताय. हाफ अँगल २°५१'४५" आहे. त्यात फक्त एका मिनिटाचा फरक पडला तरी अ‍ॅपेक्स एक मिलीमीटरच्या वर सरकतो. आणि एक मिनिट म्हणजे किती, तर तुमच्या वरच्या आणि खालच्या सर्कलमध्ये रेडियसला ४ मायक्रॉन. एवढं तर बोअरात राहिलेल्या कूलंटच्या थरानंही होतं. तुमचे ०.९ इथनंच आलेत.

टेपर जिथं बरोबर २० होतो ती उंची सॉफ्टवेअरकडून काढून घ्या आणि झेड (उंचीचं) शून्य तिथं द्या. तरी एक ध्यानात ठेवा, १:१० मध्ये डायमीटरची चूक झेडमध्ये दहापट दिसते. ०.०१ चुकला की ०.१ गेला, म्हणजे तुमच्या टॉलरन्सची एक बाजू संपली.

कागलकर:
आम्ही असल्या जॉबला बोअरच्या तोंडाच्या मशीन केलेल्या फेसवर लेव्हल करतो आणि टेपरचं फक्त सेंटर घेतो. रीडिंग एकदम स्थिर येतं. १८ मिमीच्या टेपरवर लेव्हल करायचं म्हणजे धोकाच. करून बघा.

गेजरूम:
कागलकर दादा, रीडिंग स्थिर येईल, पण ते या ड्रॉइंगचं नसेल. बॉल जॉइंटचा स्टड टेपरात बसतो, फेसला टेकत नाही. फेस टेपरला तिरका असला तर आपण ओके म्हणून पाठवू आणि लाइनवर असेंब्लीत तो बसणार नाही. टेपर डेटम असला की जॉबच्या हलण्या-फिरण्याच्या सहा दिशांपैकी (डिग्री ऑफ फ्रीडम) पाच तोच लॉक करतो, फक्त त्याच्या अक्षाभोवतीचं फिरणं उरतं. फेसचा उपयोग पहिल्या कच्च्या अलाइनमेंटपुरता करा. जॉयस्टिकनं घेतलेले पॉइंट त्यासाठीच, ते टाकून द्यायचे. मग टेपर ऑटोमध्ये पुन्हा मोजा, प्रोब सरफेसला काटकोनात जाईल असा, आणि फायनल अलाइनमेंट त्याच्यावर.

शिरोली भाऊ, माझा खरा संशय तुमच्या चार पॉइंटवर आहे. बोअर करताना जॉब तीन जॉच्या चकात धरताय का? तसं असेल तर चक सोडल्यावर बोअर थोडा तीन-कोपरी होतो. असल्या बोअरला ९० अंशांवर चार पॉइंट घेतले की तो आकार आकार म्हणून दिसतच नाही, सेंटर सरकल्यासारखा दिसतो. कोपरे ३ मायक्रॉन वर-खाली असतील तर सेंटरही तेवढाच सरकतो. जॉब फिरवून बसवला की सरकायची दिशा बदलते, आणि दोन सर्कलचे सेंटर सारखे सरकले नाहीत की अक्ष तिरका होतो. १४ मिमीत ३ मायक्रॉन म्हणजे १४० मिमीवर ०.०३. प्रत्येक सर्कलला निदान ८, जमलं तर १२ पॉइंट घ्या, आणि दोनऐवजी तीन उंचींवर.

सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर डेटमसाठी अँगल नॉमिनलला (ड्रॉइंगवरच्या मापाला) लॉक करून फिट करा. खरा अँगल वेगळा रिपोर्ट करा, तो लपवायचा नाही.

उद्यमनगरी:
प्रोब काटकोनात जायची गोष्ट नवीन पोरांनी नीट वाचा. टेपरमध्ये साधं सर्कल आडवं मोजलं की प्रोबच्या टोकावरच्या बॉलचं कॉम्पेन्सेशन (त्याच्या रेडियसचा हिशेब) चुकतं. १:१० ला ३ मिमीच्या बॉलनं रेडियसला जेमतेम २ मायक्रॉन, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण तीच सवय ४५ अंशाच्या व्हॉल्व्ह सीटवर नेली आणि ४ मिमीचा बॉल असला, की रेडियस ०.८३ मिमीनं चुकतो. आमच्याकडं या एका कारणानं पंधरा दिवस डोकं खाल्लंय.

जुना_टूलरूम:
मशीनवर जायच्या आधी मास्टर प्लगला (अचूक टेपरचा गेज) ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून जॉबात हलक्या हातानं फिरवा. ब्लू सगळीकडं उमटला तर पुढं जा. मोठ्या तोंडाशीच पट्टी आली तर टेपरच चुकलाय, अलाइनमेंट काय करणार?

आणि एक चाचणी: जॉब न हलवता पाचदा प्रोग्राम चालवा, मग उतरवून-चढवून पाचदा. पहिलं स्थिर आणि दुसरं फिरतंय, तर मशीनला दोष देऊ नका. मशीनिंगवरनं गरम आलेला जॉब लगेच टेबलवर घेऊ नका. १० अंशांच्या फरकानं १४० मिमीत १५ मायक्रॉन जातात.

शिरोली_क्यूसी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी करून बघितलं. न हलवता पाच वेळा रीडिंग स्थिर, चढवून-उतरवून फिरतंय, म्हणजे टूलरूमवाले काका म्हणाले तसंच. झेड शून्य गेज डायमीटरला घेतल्यावर फरक ०.९ वरनं ०.१२ वर आला. बारा-बारा पॉइंट, तीन उंची आणि अँगल लॉक केल्यावर पाच लोडिंगमध्ये ०.०३५. चक तीन जॉचाच आहे आणि आता बोअरचा तीन-कोपरी आकार रिपोर्टवर सरळ दिसायलाय.

परत आलेल्या लॉटमधले आठ जॉब नव्या प्रोग्रामवर घेतले. सहा ओके. उरलेल्या दोनमध्ये ब्लू अर्ध्याच गोलाला लागलाय, दोन्हींत एकाच बाजूला. ते घेऊन उद्या मशीनिंगवाल्यांकडं जातो. चकाला सॉफ्ट जॉ (जॉबच्या आकारात कापून घ्यायचे मऊ जॉ) करून बघायचेत. धरायचा दाब किती ठेवू, कुणी एस.जी.वर केलं असेल तर सांगा.