अडाप्टर म्हणजे नक्की काय हो?

सुमामावशी, बडोदे: मंडळाच्या वाचनालयासाठी लॅपटॉप घेतला. भाच्याने फोनवर बजावलं होतं, मावशी, डिस्प्ले अडाप्टर आणि नेटवर्क अडाप्टर नीट बघून घे. मी रावपुऱ्यात दुकानदाराला तेच शब्द सांगितले, तर त्याने दोन डाबल्या काढल्या, एक एचडीएमआयची, म्हणजे पडद्याच्या वायरीची, एक लॅनच्या, म्हणजे नेटच्या वायरीची, झाले दीड हजार. घरी आल्यावर भाचा म्हणतो अगं मी आतल्या ग्राफिक्स आणि वायफाय कार्डाबद्दल बोलत होतो! आमचे हे चार्जरच्या विटेलाच अडाप्टर म्हणतात. वर ती एचडीएमआयची डाबली लावून प्रोजेक्टरचा पडदा काळाच. आता मला सूचनांचा कागद मराठीत लिहायचाय. शब्द सुचवा, कम्पॅटिबललासुद्धा. सुसंगत लिहिलं तर सेक्रेटरी म्हणाले भजनी मंडळाचं वाटतंय.

खटपट्या: भाचा बरोबर आणि दुकानदारही बरोबर. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे आतल्या भागांच्या यादीत, डिस्प्ले अडाप्टर म्हणजे ग्राफिक्स कार्डच. आयबीएमच्या १९८१च्या पीसीत कार्डाचं नावच कलर ग्राफिक्स अडाप्टर होतं.

शुद्धमती: अनुकूलक म्हणा की सरळ. बडोद्याच्या माणसाने तरी शब्दांची भीक मागू नये, सयाजीरावांनी १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश काढला, कारभारातल्या इंग्रजी शब्दांना आपल्या भाषांतले पर्याय द्यायला.

खटपट्या: मान्य, पण रावपुऱ्यात जाऊन अनुकूलक मागून दाखवा, दुकानदार पंख्याचा रेग्युलेटर देईल.

शुद्धमती: मेयरला पहिल्यांदा महापौर म्हटल्यावरही लोक हसलेच असतील.

जुना वायरमन: मी चाळीस वर्षं हेच केलं, आम्ही दोन वेगळे शब्द वापरायचो. नुसतं तोंड बदलतो तो सांधा. आतली भाषाच बदलतो तो दुभाष्या. व्हीजीए, म्हणजे पडद्याची जुनी वायर, अॅनालॉग आणि एचडीएमआय डिजिटल, तिथे सांधा चालत नाही, दुभाष्याच लागतो, म्हणून त्याच्या पोटात चिप असते आणि तो एकाच दिशेने बोलतो, उलटा लावला की मुका. मावशी, तुमचा पडदा काळा का, तर डाबली बसते ते टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार. सगळ्याच भोकांतून चित्र येत नाही. भोकाशेजारी कडाडत्या विजेची (थंडरबोल्ट) किंवा डीपीची (डिस्प्लेपोर्ट) खूण आहे का बघा.

सुमामावशी: दोन भोकं आहेत. एकाशेजारी बारीक बॅटरी काढलीय, दुसरं कोरं.

जुना वायरमन: बॅटरी म्हणजे चार्जिंग. खूण नसली म्हणून चित्र येतच नाही असंही नाही, कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून बघा. आणि लॅनची डाबली साध्या यूएसबी दोनमध्ये खुपसू नका, ते भोक ४८० एमबीपीएस वेगाचं, गिगाबिटची, म्हणजे हजारची डाबली तिथे हळू चालते.

निरगाठ: दुभाष्या आवडला! पारशांतलं दुबाश आडनाव तिथलंच. आणि अडाप्टमधला लॅटिन आप्टुस आणि आपला आप्त एकाच कुळातले मानतात, मग आप्तक का नको?

शुद्धमती: आप्तक म्हटलं की तेराव्याला बोलावल्यासारखं वाटतं.

निरगाठ: मग सोयरा म्हणा. कम्पॅटिबल म्हणजे शेवटी पत्रिका जुळणंच की.

खटपट्या: "या लॅपटॉपाला सोयरा लावू नये." लिहाच मावशी.

शुद्धमती: कम्पॅटिबलला जुळणारा पुरे.

जुना वायरमन: जुळतं सगळंच हो, चालत नाही हा प्रॉब्लेम आहे. मावशींचं भोक जुळलंच होतं ना? आमच्याकडे गिऱ्हाईक विचारायचं, हे याला चालतं का, बस.

सुमामावशी: मग कागदावर काय लिहू? रविवारी व्याख्यान आहे.

निरगाठ: ते असू दे, तुम्ही डाबली लिहिलंत ते मराठी की गुजराती? मराठीत डबी.

सुमामावशी: माझी आजी हळदीच्या डबीला डाबलीच म्हणायची आणि ती जन्मात बडोद्याच्या दांडियाबाजाराबाहेर गेली नाही.

शुद्धमती: म्हणजे गुजरातीच.

निरगाठ: डबा, डबडं, डाबली, सगळी एकच पिलावळ. आमच्याकडे सासरी डबुलं म्हणतात.