मदत हवी आहे: बुडालेल्या मिसुरी खोऱ्याचा जुना नकाशा आजच्या नकाशावर कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या फोर्ट बर्थोल्ड रिझर्व्हेशनमधून (मूळ रहिवासी जमातींच्या राखीव प्रदेशातून) जाणाऱ्या मिसुरी नदीच्या खोऱ्याचा 1890च्या दशकातला नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतेय आणि अडकलेय. नकाशा मिसुरी रिव्हर कमिशनचा, एका इंचाला एक मैल.

हे खोरं आज पाण्याखाली आहे. मंडन, हिदात्सा आणि अरिकारा लोकांची नदीकाठची कसदार शेतं, झाडी, एल्बोवुड्स गाव, तिथली शाळा, दवाखाना, सगळं गॅरिसन धरणाच्या बुडितात गेलं. दीड लाख एकरांहून जास्त जमीन! 1948 मध्ये करारावर सही होताना जमातींच्या मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहरा झाकून रडले, तो फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. 1953 मध्ये नदी अडवली आणि लोकांना वर माळावर जावं लागलं. माझ्या इथल्या एका मैत्रिणीच्या आजीचं घर एल्बोवुड्सला होतं. त्यांच्यासमोर मोठा छापील नकाशा ठेवायचाय, म्हणून तो नीट जुळायला हवा.

अडचण अशी. कंट्रोल पॉइंट (जुन्या आणि आजच्या, दोन्ही नकाशांवर ओळखू येणाऱ्या जागा) मिळतात ते फक्त दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर. नदीचा काठ धरावा, तर मिसुरीने धरणाच्या आधीच कितीदा पात्र बदललेलं. थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक बिंदू जुळेल असा नकाशा लवचीकपणे ताणणारी पद्धत) लावलं की कडा जुळतात, पण मधे बिंदूच नसल्याने नेमकं खोरंच वाटेल तसं ताणलं जातं. साधं पहिल्या घाताचं रूपांतर (अख्खा नकाशा एकसारखा फिरवणारं-ताणणारं) ठेवून थोडी चूक पत्करणं बरं का? शिवाय नकाशा 1927च्या डेटमच्याही (अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात त्या प्रमाण संदर्भाच्याही) आधीचा, त्यामुळे त्यावरचे अक्षांश-रेखांश थेट भरता येत नाहीत. अशा वेळी कोणती सीआरएस (निर्देशांक प्रणाली) देता?

उजनी किंवा कोयनेच्या बुडीत गावठाणांवर कुणी असं काम केलंय का? उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, तिथे निदान एक पक्का बिंदू सापडतो. इथे तसा आधार कशाचा घ्यावा?

आणखी एक: घरं दिसायला धरणाआधीचे हवाई फोटो लागतील. अमेरिकी शेतीखात्याचे 1930च्या दशकापासूनचे फोटो तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते कुणी मागवले असतील तर अर्जात कोणते तपशील द्यावे लागतात, तेवढं कृपया सांगा. आजींचं वय झालंय, म्हणून घाई.