कोजागिरी, गच्ची आणि काकांच्या १४० सीड्या

(सोसायटीच्या ग्रुपवरून. टँकर, पार्किंग आणि सुप्रभात वगळले आहेत.)

गुरुवार

देशपांडे काका (सी ४०२): सर्वांस नमस्कार. कोजागिरीला गच्चीवर आपला कराओकेचा कार्यक्रम ठरला आहे. माझ्याकडे गेल्या पंचवीस वर्षांत जमवलेल्या १४० सीड्या आहेत. वहीत क्रमांकवार नोंद आहे. (पैकी ६१ ते ६४ सापडत नाहीत. कोणी नेल्या असल्यास कृपया आणून द्याव्यात.) गेल्या आठवड्यात माझा प्लेयर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणतो लेन्स गेली, आता मिळत नाही. म्हणून सर्व सीड्या लॅपटॉपवर उतरवून घेत आहे. आजवर २३ झाल्या. आवाज उत्तम, परंतु स्क्रीनवर शब्द येत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. – देशपांडे

साठे (ए ५०२): यूट्यूब लावा की. सगळं आहे तिथे.

वानखेडे (डी १०३): मागच्या वर्षी लावलं होतं ना साठे साहेब. अंतऱ्याच्या मधातच जाहिरात आली. बाई सूर धरून उभ्या अन् स्क्रीनवर शर्टाचे डाग धुणं चालू.

केतन (बी ३०४): शिवाय गच्चीवर नेट येतच नाही. टाकीच्या मागे उभं राहिलं की एक दांडी. काका, त्या २३ सीड्यांवर डिस्कच्या लोगोखाली 'ग्राफिक्स' असं छापलंय का?

देशपांडे काका: आहे. सर्वांवर. भाच्याने न्यू जर्सीहून पाठवलेल्या आहेत.

केतन: मग त्या २३ परत कराव्या लागतील. सॉरी काका.

देशपांडे काका: कारण?

केतन: त्या सीडी प्लस जी आहेत. ऑडिओ सीडीत गाण्याच्या बरोबरीने एक बारीक पट्टी जाते, तिला सबकोड म्हणतात. त्यात आठ वाटा, पी ते डब्ल्यू. पी आणि क्यू प्लेयर स्वतःसाठी वापरतो, म्हणजे ट्रॅक कुठे सुरू झाला, किती मिनिटं गेली वगैरे. उरलेल्या सहा साध्या सीडीत रिकाम्याच असतात. कराओकेवाल्यांनी शब्द तिथे नेऊन बसवले. तुमचं सॉफ्टवेअर फक्त गाणं उचलतंय, पट्टी तिथेच राहतेय.

देशपांडे काका: म्हणजे खतावणीत रक्कम चढवली आणि तपशिलाचा रकाना कोरा ठेवला.

केतन: अगदी तेच 😄

साठे: हे वैयक्तिक बोला ना. ग्रुप पाण्याच्या तक्रारींसाठी आहे.

वानखेडे: पाणी येत नाही तोवर गाऊ द्या राजेहो.

शनिवार

देशपांडे काका: केतनने सांगितलेला प्रोग्रॅम बसवला. "ड्राइव्ह सबचॅनल वाचू शकत नाही" असे येते. यूएसबीचा नवा ड्राइव्ह आहे, मागच्याच महिन्यात घेतला.

केतन: नवा-जुना यावर काही नसतं काका. सबचॅनल म्हणजे तीच पट्टी; तिच्यातल्या आर ते डब्ल्यू वाचायची सोय सगळ्या ड्राइव्हमध्ये दिलेलीच नसते, आणि खोक्यावर तसं लिहीतही नाहीत. लावून बघणं हाच उपाय. माझ्या जुन्या डेस्कटॉपमधला वाचतो, आत्ताच एक डिस्क घालून पाहिली. त्यावर लिनक्स आहे, 'सीडीआरडीएओ' नावाचं फुकट टूल सबचॅनलसकट वाचतं. सीड्या घेऊन इकडे या, नाहीतर मी तिकडे येतो.

देशपांडे काका: मी येतो. वही घेऊन येतो.

केतन: पिशवीत सुट्या नका आणू. कव्हरमध्येच असू द्या. आणि छापील बाजू सांभाळा. सगळे चकचकीत बाजूला जपतात, पण तिकडून जाड प्लॅस्टिक असतं. चांदीचा थर वरच्या छपाईला चिकटून असतो. तिथे ओरखडा गेला की परत येत नाही.

म्हात्रे (सेक्रेटरी): सूचना: लिफ्ट ३ ते ५ बंद.

देशपांडे काका: अडीचला येतो.

शनिवार, रात्री

केतन: अपडेट. अकरा झाल्या, शब्दांसकट. वेग मुद्दाम कमी ठेवलाय. ऑडिओ सीडीत आवाजासाठी चूक सुधारायची मजबूत व्यवस्था असते, सबकोड तिच्या बाहेर. त्यामुळे थोडी मळकी डिस्क असली की गाणं नीट वाजतं पण अक्षरांवर ठिपके पडतात. दोन डिस्कवर तसं झालं. धुऊन परत घातल्या, गेले ठिपके. धुताना गोल गोल नाही पुसायचं हां, मधून बाहेर सरळ.

गार्गी (बी ३०१): मी टूथपेस्टनं करायचे लहानपणी 🙈

केतन: त्या डिस्कचं काय झालं?

गार्गी: घासून निघाली.

सोमवार

देशपांडे काका: नवीन अडचण. प्रत्येक गाण्याच्या दोन फायली झाल्या आहेत, एक एमपी३ आणि एक सीडीजी. मी काल रात्री बसून एमपी३ फायलींना मराठीत नीट नावे दिली. सकाळपासून पुन्हा शब्द दिसत नाहीत.

केतन: काका 🙏 दोघांची नावं तंतोतंत सारखी हवीत. फक्त शेवटचं आडनाव वेगळं. एकाचं बदललं की दुसरं पोरकं होतं. किती बदललीत?

देशपांडे काका: ११६.

केतन: …बघतो. लांबी जुळवून जोड्या लावता येतील. सीडीजी फायलीत सेकंदाला ३०० पॅकेट असतात, २४ बाइटचं एक. म्हणजे फाइलच्या आकारावरून गाणं किती लांब ते बरोब्बर निघतं. छोटी स्क्रिप्ट लिहितो. पण पुढच्या वेळी दोन्ही एका झिपमध्ये बांधून मगच नाव द्या. कार्यक्रमाची बहुतेक सॉफ्टवेअरं झिप तशीच वाजवतात.

देशपांडे काका: वहीतला क्रमांक नावाच्या सुरुवातीस घालावा अशी माझी सूचना आहे.

केतन: हे मात्र भारी. ०४७-०३ अशी नावं द्या, पुढे गाणं, शेवटी गायची पट्टी, म्हणजे पेटीचा सूर.

वानखेडे: पट्टी लिहाच लिहा! मागच्या वर्षी ट्रॅक काळी एक आणि गाणाऱ्या ताई काळी चारच्या. मुखडा खर्जात गेला, गच्चीतल्या गच्चीत हरवला.

शिंदे मॅडम (सी १०१): त्या ताई मीच.

वानखेडे: म्हणूनच आदरानं सांगून राहिलो.

केतन: 'ओपनकेजे' नावाचं सॉफ्टवेअर टाकतोय लॅपटॉपवर. फुकट आहे. गायकांची रांग लावता येते आणि पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुराने वर-खाली होते. दोन-तीन अर्धसुरांपर्यंत ठीक वाटतं, त्यापुढे बासरी शिट्टीसारखी लागते. काळी एकवरून काळी चार म्हणजे सात. तिथे मग दुसरा ट्रॅकच शोधा.

मंगळवार

देशपांडे काका: आता व्हीसीडी. या ९० आहेत. यात पाठीमागे काश्मीर, उटी वगैरे चित्रे आणि खाली शब्द. परंतु गायकाचा आवाज जात नाही.

केतन: हे सोपं आहे. डिस्क उघडा, 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये 'डॅट' फायली दिसतील. एक फाइल, एक गाणं. त्या कॉपी करा आणि डब्याचं नाव, म्हणजे शेवटचं 'डॅट', फक्त बदला, आतला माल पुन्हा दळू नका. चित्र मुळातच ३५२ बाय २८८ चं आहे, एचडी करून काही सुधारत नाही, उलट शब्दांच्या कडा फाटतात. आणि हेडफोन लावून बघा, डाव्या कानात नुसतं संगीत, उजव्यात गायक असेल.

देशपांडे काका: खरेच. वीस वर्षे माझ्या लक्षात आले नाही. प्लेयरच्या रिमोटवर बटण होते, ते दाबत असे.

केतन: ते बटण हेच करायचं. मग आता डावी बाजू तेवढी ठेवून उजवी काढून टाकू? 'हँडब्रेक' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फक्त डावं' असा पर्याय आहे.

वानखेडे: थांब रे, काढू नको! तालमीला तो गायकाचा आवाज लागतो लोकांना. लॅपटॉपची डावी वायर मिक्सरच्या एक नंबरला, उजवी दोन नंबरला दे. दोनचा फेडर (आवाजाचा सरकता खटका) खाली, गायक गप. कोणी अंतऱ्यात अडकलं की मी हळूच वर करतो, कोणाले समजत नाही.

शिंदे मॅडम: मागच्या वर्षी का नाही केलंत?

वानखेडे: मागच्या वर्षी यूट्यूब होतं ताई.

केतन: ओके, मूळ तसंच ठेवतो. हिशेब सांगतो काका: व्हीसीडीचं एक गाणं साधारण ४० एमबी, सीडी प्लस जीचं ११. सगळं मिळून पन्नास जीबीच्या आसपास. ६४ चा पेन ड्राइव्ह काठोकाठ भरेल, १२८ चे दोन घ्या. एक लॅपटॉपपाशी, एक घरी कपाटात. आणि गाणी व्हॉट्सॲपवर पाठवू नका कोणाला.

म्हात्रे: बरे झाले विषय निघाला. ही गाणी वाजवायला सोसायटीला परवाना लागतो का? मागे एका हॉलवाल्याला नोटीस आल्याचे ऐकले. शिंदे मॅडम?

शिंदे मॅडम: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. रहिवाशांच्या सामायिक हॉलमध्ये मुख्यतः रहिवाशांसाठी रेकॉर्डिंग वाजवणं हे अपवादात येतं, पण त्यात 'बंदिस्त खोली किंवा हॉल' असे शब्द आहेत. गच्ची बंदिस्त नाही. मात्र हौशी मंडळींनी तिकीट न लावता गाणं सादर करणं यालाही वेगळा अपवाद आहे, आपण त्याखाली उभे राहू शकतो. तिकीट नको, प्रायोजकाचा बॅनर नको. देशपांडे काकांचा ग्रुप बाहेर हॉलमध्ये पैसे घेऊन कार्यक्रम करतो, तिथे हे लागू नाही. तिथे शब्द आणि चालीसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा) परवाना, आणि ट्रॅक ज्याचा त्याची परवानगी वेगळी. अजून एक: स्वतःच्या सीड्या स्वतःसाठी उतरवणं वेगळं आणि लिंक ग्रुपवर टाकणं वेगळं. टाकू नका.

गार्गी: मी आत्ता लिंकच मागणार होते 😐

साठे: आणि आवाजाचं काय? कोजागिरी म्हणजे बारापर्यंत दूध. आमच्या बेडरूमच्या डोक्यावर गच्ची आहे.

शिंदे मॅडम: २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० नंतर स्पीकर बंद. वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण कोजागिरी त्या यादीत आहे असं धरून चालू नका.

म्हात्रे: सात ते दहा स्पीकर. नंतर दूध. नंतर ज्याला गायचे त्याने तोंडी गावे.

साठे: तोंडी किती जण?

शुक्रवार

वानखेडे: तालीम झाली. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज मागून येत होता, शब्द पुढे पळत होते अन् शिंदे ताई दोघांच्या मधात. वायर लावली, जमलं. केतन, लॅपटॉपचे मेसेजचे टिंगटिंग बंद कर, काल अंतऱ्यात कोणाचं तरी पार्सल डिलिव्हर झालं.

जोशी काकू (ए २०१): देशपांडे भावजी, ६१ ते ६४ सीड्या विचारत होतात ना? गुरुवारपासून सांगू की नको करतेय. आमच्या बाल्कनीत टांगल्यात. कबुतरांसाठी. लॉकडाऊनमध्ये तुम्हीच दिल्या होत्यात, खराब झाल्या म्हणून.

देशपांडे काका: मी दिल्या? वहीत नोंद नाही.

जोशी काकू: कबुतरांची सही घ्यायची राहिली.

गार्गी: 😂😂 कबुतरं गेली का पण?

जोशी काकू: कसली जातात. सीडीत बघून पिसं साफ करतात.

केतन: काकू, मधल्या भोकातून दोरी ओवलीय ना? खिळा नाही ना मारला?

जोशी काकू: सुतळी आहे. तीन चांदीसारख्या आहेत. एक मागून निळी होती, आता नुसती काच दिसते.

केतन: ती घरी बर्न केलेली. त्यात शाईसारखा रंग असतो, तो उन्हानं उडाला. बाकीच्या कारखान्यात छापलेल्या आहेत, त्यांना उन्हाचं तितकं नाही. भांड्याच्या लिक्विडनं हलक्या हातानं धुऊन ठेवा, येतो न्यायला.

शनिवार

केतन: ६१ आणि ६३ पूर्ण वाचल्या. ६२ ची पहिली नऊ गाणी आली. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि हिचा बाहेरच्या कडेचा थर सोललाय, त्यामुळे दहाव्यापासून पुढे काही नाही. ६४ म्हणजे ती काच.

देशपांडे काका: वही पाहिली. ६२ मधील दहावे म्हणजे शिंदे मॅडम व वानखेडे यांनी ठरवलेले द्वंद्वगीत.

वानखेडे: नऊ गाणी सोडून नेमकं दहावंच का बाप्पा!

शिंदे मॅडम: सातवं येतं मला. काळी चारच्या जवळपास आहे का बघा.

केतन: पांढरी सहा. एक अर्धसूर खाली आणला की झालं.

जोशी काकू: आणि मी बाल्कनीत काय लावू आता?

केतन: ६४ परत पाठवतो काकू.