मदत हवी आहे: कायोटीसाठी पहिला कॉल आणि डिकॉय कोणता घ्यावा?

शेळीपाळ
नमस्कार मंडळी. कायोटीला (कोल्ह्यासारखा इथला रानटी प्राणी) बोलावण्यासाठी पहिलाच कॉल, म्हणजे जनावराचा आवाज काढायचं साधन, घ्यायचा आहे. तोंडाने वाजवायचा घ्यावा की रिमोटवाला? सोबत डिकॉय (जनावराची नजर ओढणारी नकली वस्तू) लागतोच का? दुकानात भिंतभर माल टांगलेला आहे आणि विक्रेता हात लावू त्याला बेस्ट म्हणतो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बसायचं आहे, त्यामुळे ऑर्डर आज-उद्याच टाकायला हवी. कृपया नेमकं नाव सांगा. यूट्यूबच्या लिंक नकोत, त्या पाहून झाल्या.

माळरान
कुठलं राज्य? झाडी आहे की मोकळं रान? दिवसा बसणार की रात्री? जमीन स्वतःची की पब्लिक लँड? एवढं कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे तुमचे पैसे वाया घालवणं.

सुमेधा_ह्यूस्टन
मारायलाच हवं का? कायोटी मुख्यतः उंदीर आणि ससे खाऊन जगतो. नक्की काय त्रास होतोय, ते आधी लिहा.

वऱ्हाडी_पाटील
तुमचं ते आवाजाचं यंत्र रानडुक्कर पळवायला चालते का? आमच्याकडे तुरीत रोज धुडगूस आहे. भारतात मिळते का, किंमत किती?

शेळीपाळ
पाटीलसाहेब, हे यंत्र जनावर बोलावण्यासाठी असतं, पळवण्यासाठी नाही. वेगळा धागा काढा ना.

माळरान, टेक्सास, बर्नेट काउंटी. जागा माझीच. सीडर आणि मेस्किटची गच्च झाडी, एका अंगाला उतार मोकळा. शेळ्या आहेत, करडं संध्याकाळी कुंपणातून ओढून नेली जातात. पायाचे ठसे आणि विष्ठा पाहून शेजारच्या रँचरने कायोटीच असं सांगितलं. मित्राची .२२३ रायफल आहे. आता सांगा, कुठला कॉल?

माळरान
आता बोलता येईल. मी लबककडे असतो. पहिला कॉल तोंडाचाच घ्या, क्लोज्ड रीड (वाजणारी पट्टी आत बंद असलेला). फुंकला की जत्रेतल्या पिपाणीसारखा आपोआप वाजतो, ओठांचं कसब लागत नाही. ससा शिकारी जनावराच्या तावडीत सापडल्यावर ओरडतो तो आवाज त्यातून पहिल्याच दिवशी निघतो. उणीव एकच: आतली पट्टी धातूची असते, कडाक्याच्या थंडीत श्वासाच्या ओलाव्याने गोठते. कॉल शर्टाच्या आत ठेवा. ओपन रीडमध्ये (पट्टी उघडी असलेल्या) ससा, उंदीर, पिल्लाचं केकाटणं, हाऊल (लांब कोल्हेकुई) असं सगळं निघतं, पण दात-ओठ कुठे दाबायचे हे बसायला वेळ लागतो. क्रिटर कॉल हा त्यातला जुना, खात्रीचा. दोन्ही मिळून रिमोटवाल्याच्या कितीतरी कमी पैशांत येतात.

जुना_गडी
असहमत. नवख्याला ई-कॉलरच (रिमोटवर वाजणारी आवाजाची पेटी) द्यावा. तोंडाने वाजवलं की जनावराची नजर थेट तुमच्यावर येते, आणि सुट्टीत पहिल्यांदा बसणारा माणूस हलतोच. आयकोटेक किंवा फॉक्सप्रोचं सुरुवातीचं कुठलंही मॉडेल घ्या, पेटी ४०-५० यार्ड लांब ठेवा. सगळं लक्ष पेटीकडे जातं.

माळरान
आणि बॅटरी गेली की घरी? खिशात तोंडाचा कॉल हवाच. शिवाय शेळीपाळांच्याच काउंटीतल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी तोंडाच्या कॉलवरच नाव कमावलं.

जुना_गडी
आणि वेकोच्या जॉनी स्टुअर्टने खऱ्या प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करून विकले, तोही टेक्सासचाच. आवाज माणसाचा की यंत्राचा हा वाद कायोटीला नसतो. त्याला वारा कळतो. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालून वास घेतो आणि मगच पुढे येतो. म्हणून वारा आडवा घेऊन बसा आणि मोकळा उतार खालच्या अंगाला ठेवा. तुमच्याकडे उतार आहेच, त्याचा उपयोग करा.

अवधूत_के
मध्येच विचारतो, व्हिसा कुठला?

शेळीपाळ
एच-१बी. त्याचा इथे काय संबंध?

अवधूत_के
फार मोठा संबंध आहे, कॉल राहू द्या बाजूला. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक बाळगणं फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याने बंद आहे. 'मित्राची आहे' म्हणून चालत नाही, हातात घेतली तरी लागू होतं. त्याला अपवाद आहेत, आणि तुमच्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीतलं हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही.

आता यातली मेख. गुरांवर हल्ला करणाऱ्या कायोटीसाठी टेक्सासमध्ये लायसन्स लागत नाही, असं शेजारी सांगेल. राज्यापुरतं ते बरोबर आहे. पण तुमचा फेडरल अपवाद त्या लायसन्सवरच उभा आहे, म्हणून तुम्ही ते काढाच. आणि २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनही (शिकारीचा शिक्षणक्रम) लागतं. व्हिसाच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. करडांपायी स्टेटस घालवू नका.

शेळीपाळ
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आजच बघतो. मनापासून आभार.

डिकॉयचं मात्र अजून कुणी बोललं नाही.

सुमेधा_ह्यूस्टन
शेळ्या आहेत तर ग्रेट पिरेनीज किंवा अनाटोलियन कुत्रा पाळा. सॅन अँजेलोला टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं राखणीच्या कुत्र्यांवरच काम चालतं, मेंढपाळांना तिथून मार्गदर्शन मिळतं. एक कायोटी मारला की त्याच्या जागी दुसरा येतो. कुंपणाखालची भोकं बुजवून खाली विजेची एक तार ओढा, करडं रात्री गोठ्यात घ्या.

जुना_गडी
ताई, कुत्रा उद्या पाळला तरी परवा राखण करत नाही. पिल्लू शेळ्यांत वाढावं लागतं. तोवर करडं कोण वाचवणार?

सुमेधा_ह्यूस्टन
म्हणूनच मोठा, शेळ्यांत वाढलेला कुत्रा विकत घ्या म्हणतेय. आणि तारेला वाढावं लागत नाही.

रानभूल
आपल्याकडचे फासेपारधी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तित्तर पकडत. डिकॉयची विद्या आपल्या लोकांनाही होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्या धंद्यावर गदा आली, पण पारध्यांना रानाची जेवढी जाण आहे तेवढी क्वचितच कुणाला असेल. त्यावर कुणी नीट लिहायला हवं.

माळरान
रानभूल, जरूर लिहा, वाचायला आवडेल.

शेळीपाळ, डिकॉयचं सांगतो. गच्च सीडरमध्ये महागडा डिकॉय घेऊ नका, लांबून दिसतच नाही. तो कामाला येतो आमच्यासारख्या उघड्या रानात. तुमच्या उतारापुरतं मासेमारीच्या दोऱ्याने टर्कीचं पीस फांदीला टांगा, कॉलरच्या जवळ, जमिनीपासून थोडं वर. वाऱ्याने हललं की बास. बॉबकॅट (इथलं रानमांजर) आला तर त्याला ते जास्तच ओढतं, तो नजरेने शिकार करतो. बॅटरीवर शेपूट हलवणारा मोजो क्रिटर पुढच्या वर्षी बघा. आणि कायोटीचा आख्खा पुतळा नेणार असाल तर वाटेत नारिंगी कापडात गुंडाळून न्या. लांबून बघणारा दुसरा शिकारी त्यावर गोळी झाडू शकतो.

जुना_गडी
हे मान्य. आवाज हळू सुरू करा, जनावर जवळच असेल तर दणदणीत आवाजाने पळतं. दोनेक मिनिटांनी वाढवा. कायोटीसाठी १५-२० मिनिटं, बॉबकॅटसाठी अर्धा तास तरी. आला नाही तर जागा बदला, तिथेच तोच आवाज रोज वाजवला की तो शहाणा होतो.

शेळीपाळ
ठरलं: आधी लायसन्स, मग क्लोज्ड रीड आणि पीस. विजेच्या तारेचा हिशेबही काढतो, सुमेधाताई. ई-कॉलर सध्या नाही. एक शेवटचं: एक पडला तर लगेच उठून बघायला जायचं का?

माळरान
नाही. बंदूक भरलेली, बसलेलेच राहा. जोडी असते बऱ्याचदा. लगेच पिल्लाच्या केकाटण्याचा आवाज लावा, क्लोज्ड रीड हातात आडवा दाबून तुटक-तुटक वाजवलात तरी जमतो. दुसरा थबकून मागे बघतो. आणि मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका, रेबीज आहे. रबरी हातमोजे ठेवा.

वऱ्हाडी_पाटील
तुरीच्या डुकराचं कोणी सांगेल का हो?