आर्या की कार्तिकी
टीव्हीवरच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या गाण्याच्या स्पर्धेत २००९ला आर्या आंबेकरच जिंकायला हवी होती, कार्तिकी गायकवाडला नुसत्या एसेमेसच्या मतांनी तारलं, असं म्हणतात ना, ते नाही पटलं बुवा. आर्याचा गोडवा मान्यच, मीही तेव्हा तिच्याच पार्टीतली, पण कार्तिकी गौळण घ्यायची ना तेव्हा वरच्या पट्टीतही आवाज जराही पातळ व्हायचा नाही, वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक, ती तालीम ऐकू यायचीच. फायनलमधल्या रोहित राऊतला मात्र खरंच कमी लेखलं लोकांनी (आमच्याकडे यावरून अजून भांडणं होतात).

आणि एक राहिलंच, २००९ला ट्रॉफी एकट्या कार्तिकीलाच मिळाली तरी २०२१ला लिटिल चॅम्प्स परत आलं तेव्हा ज्यूरीत तेव्हाच्या फायनलचे हे पाचही जण होते, प्रथमेश लघाटे तर होताच पण जिला सगळे मॉनिटर म्हणायचे ती तेव्हाची एवढीशी मुग्धा वैशंपायनसुद्धा!