शिंजिराची मादी फिकी का? घरटं तर बंद असतं!

पडवीवाली (गुहागर):
पडवीतल्या कपड्यांच्या दोरीला शिंजिराने घरटं केलंय. वीतभर, लोंबतं. कोळ्याची जाळी, सालींचे पापुद्रे, अळ्यांची लेंडकं, नुसता केर. पण दारावर ऐटीत छज्जा! पंधरा दिवस मी कपडे कुंपणावर घालतेय. कोकमं फोडायला बसले की समोरच दिसतं. आत बसते ती फक्त मादी. पाठ मातकट, गळा राखाडी, पोट तेवढं पिवळं. चोच दाराबाहेर काढून असते. नर जांभळा-तांबडा झगमगीत, जास्वंदीवर चिवचिवत फिरतो. सासूबाई म्हणतात, "तो नुसता मिरवायला."

मुलाच्या पुस्तकात आहे की अंडी उबवताना शत्रूला दिसू नये म्हणून मादी फिकी. पण ही तर पिशवीच्या आत बसते, तिचा रंग बघणार कोण? आणि खंड्याची मादी नराइतकीच निळी कशी?

खाजणकाठ:
खंड्याचं सोपं आहे. दरडीत बीळ, आळीपाळीने दोघंही बसतात, बाहेरून काही दिसत नाही. वेडा राघूही तसाच. १८६८ मध्ये वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं: जिथे घरटं झाकलेलं तिथे मादीही रंगीत, उघड्यावर बसते ती फिकी. डार्विनला ते पुरतं पटलं नाही. त्याचा भर मादीच्या निवडीवर: ती भडक नर पसंत करते म्हणून नर भडक होत जातो. तुमचा शिंजीर वॉलेसच्या नियमात बसत नाही, हे खरंच. सुगरणीचंही तसंच, बंद घरटं आणि मादी चिमणीसारखी. मला वाटतं आत बसण्यापेक्षा ये-जा महत्त्वाची. शिंजिराचं घरटं बांधायलाही मादीच, दिवसभर खेपा घालणारी तीच. पण हा माझा अंदाज.

माडावरचा:
आमच्याकडे देवराईत कवड्या धनेशाची जोडी आहे. मादी ढोलीत शिरून विष्ठेने, चिखलाने दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. नर त्या फटीतून फळं भरवतो. आत असताना ती उडायची पिसंही टाकते. अंगावर नरासारखाच काळा-पांढरा वेष. ओळखायची तर डोळ्याभोवतीच्या फिकट कातडीवरून.

पडवीवाली:
मग आमची खुडूक कोंबडी? काळीकुळकुळीत आहे, टोपलीत २१ दिवस बसली.

माडावरचा:
ताई, पाळीव कोंबडीचा रंग माणसाने ठरवलाय. रानकोंबडी बघा, पाचोळ्यावर बसली की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. आणि तो भडक रानकोंबडा अंड्यांवर बसतच नाही.

खाजणकाठ:
उलटं उदाहरण हवं तर भातखाचरात रंगीत पाणलावा बघा. तिथे मादी भडक, मानेला गडद तांबडा. नर ठिपक्याठिपक्यांचा, मळकट. आणि अंड्यांवर नर बसतो, पिल्लंही तोच सांभाळतो. बसणारा फिका, मग तो नर का असेना. पण लगेच नियम करू नका: स्वर्गीय नर्तकाचा पांढराशुभ्र, लांब शेपटीचा नरही पेल्यासारख्या उघड्या घरट्यात अंडी उबवायला बसतो. शेपूट बाहेर लोंबत!

पडवीवाली:
पिल्लं निघाली. दोन आहेत. आज सकाळी नर चोचीत कोळी घेऊन दोरीवर उतरला, छज्जाखाली वाकून भरवून गेला. सासूबाईंना दाखवला. म्हणाल्या, "उशिरा का होईना."