बी.ए. अर्थशास्त्र : तीन वर्षांत आपण नेमकं शिकतो काय?

निफाडचा_पोर
टीवायचा निकाल लागला, फर्स्ट क्लास. पेढे वाटून झाल्यावर वडिलांनी विचारलं, "आता सांग, साठवणीच्या चाळीतला कांदा आत्ता विकायला काढू की दिवाळीपर्यंत थांबू?" मला उत्तर देता आलं नाही. समवृत्ती वक्राची, म्हणजे सारखंच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्या दाखवणाऱ्या रेषेची, वैशिष्ट्यं झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण आमचं प्रत्येक उत्तर "इतर परिस्थिती कायम असताना" असं सुरू होतं आणि आमच्या गावात इतर परिस्थिती कायम राहिलेली मी तरी पाहिली नाही. ८ डिसेंबर २०२३ला कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा वर्गात देशादेशांतला व्यापार समजावणारं रिकार्डोचं जुनं उदाहरण, कापड आणि दारू, चालू होतं. कांद्याचा 'क'सुद्धा निघाला नाही. या पदवीत अर्थशास्त्र नाही, अर्थशास्त्राच्या व्याख्या आहेत. पटत नसेल तर भांडा.

खडू_फळा
भांडतो. बावीस वर्षं हाच विषय शिकवतोय. भाव सांगणं ज्योतिषाचं काम. भाव हेलकावे का खातो हे आम्ही शिकवतो. कॉबवेब आठवतंय? शेतकरी गेल्या हंगामाचा भाव बघून लागवड करतो, माल यायला चार महिने लागतात आणि तोवर शेजाऱ्यांनीही तेच केलेलं असतं. भाव कोसळतो, पुढच्या खेपेला सगळे हात आखडतात, भाव चढतो. काल्डोर या अर्थतज्ज्ञाने १९३४ साली याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, पण वर्णन लासलगावचंच वाटतं. शिकवलं नाही म्हणू नका, लक्ष नव्हतं म्हणा.

बिनव्याजी
सर, कॉबवेब लागवडीचं. वडिलांचा प्रश्न साठवणुकीचा आहे.

त्याला पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र पुरतं. समजा आज भाव क्विंटलला १,५०० आणि चाळीत १०० क्विंटल. आत्ता विकले तर दीड लाख. दिवाळीपर्यंत सड आणि घट धरून २५ क्विंटल गेले, तर उरलेल्या ७५ला २,००० भाव मिळाला तरच बरोबरी. वर तेवढ्या महिन्यांचं व्याज, म्हणजे २,०००च्याही वर हवा. एक पर्याय निवडताना दुसऱ्यातलं जे हातचं सोडावं लागतं, त्यालाच संधी खर्च म्हणतात. मी बँकेत आहे, रोज हेच करतो. पण पेपरात प्रश्न काय येतो? "संधी खर्च ही संकल्पना स्पष्ट करा." गुण पाच. पोरं गाईडमधला परिच्छेद उतरवतात आणि आकडा एकही मांडत नाहीत. म्हणून धागा काढणाऱ्याचं दुखणं खरं, निदान चुकलं. अभ्यासक्रम बरा आहे, परीक्षा सडकी आहे.

खडू_फळा
एका वर्गात एकशे वीस मुलं घेऊन आकडेमोडीचे पेपर तपासून दाखवा, मग बोलू.

मराठी_माध्यम
आणखी एक. आम्ही 'सीमांत उपयोगिता' शिकलो, मुलाखतीत 'मार्जिनल युटिलिटी' विचारलं. येत होतं तेच, ओळखू आलं नाही. पुण्यात अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी गोखले संस्था १९३० साली निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांचा भर गावोगावच्या पाहण्यांवर होता. आम्ही तीन वर्षांत एका घराचाही खर्च विचारायला गेलो नाही.

एमपीएससी_२०२५
रेपो रेट आणि राजकोषीय तूट येतं ना? पूर्वपरीक्षा निघते. बाकी पदवीकडून अजून काय पाहिजे लोकांना?

निफाडचा_पोर
बिनव्याजी यांचा हिशोब वहीत मांडून वडिलांना दाखवला. त्यांनी २५ खोडून ३५ केलं, म्हणाले यंदा काढणीला पाऊस होता. म्हणजे दिवाळीला २,३००च्या वर भाव हवा. पेढ्यांनंतर पहिल्यांदाच पदवीबद्दल बरं बोलले. मग म्हणाले, "मे २०२४मध्ये बंदी उठवली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. दिवाळीला सरकार काय करेल, ते कुठल्या रकान्यात लिहू?"

खडू_फळा
तो रकाना राज्यशास्त्र विभागाकडे. पहिला मजला, जिन्यासमोर.